मादी उलटते आणि पिल्ले दगावतात : औषधाआधी तारखा पाहा

नमस्कार. आपण लिहिले आहे की सातारा जिल्ह्यात महामार्गालगत आपल्याकडे वराहांच्या १२ माद्या आणि एक नर आहे. खाद्य म्हणून आसपासच्या ढाब्यांवरचे उरलेले अन्न आणि जोडीला मक्याचा भरडा देता. फेब्रुवारीअखेर ते मार्च या काळात भरवलेल्या (नराला लावलेल्या) ७ माद्या जूनअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत व्यायल्या. त्यांची ६३ पिल्ले झाली आणि आज, सप्टेंबरच्या आरंभी, ३८ उरली आहेत. मे महिन्यात भरवलेल्या बाकीच्या ५ माद्यांपैकी एकही गाभण राहिली नाही. शेवटी आपण विचारता की माद्यांना कोणते टॉनिक द्यावे आणि पिल्लांना कोणते इंजेक्शन द्यावे.

मी पशुवैद्यक नाही. सावंतवाडी तालुक्यात गेली १८ वर्षे वराहपालन करतो आणि सध्या माझ्याकडे ४० च्या आसपास माद्या आहेत. त्यामुळे औषधाचे नाव आणि मात्रा आपल्या तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनीच ठरवावी. मात्र आपण बहुतेक जण करत नाहीत अशी एक गोष्ट केली आहे, ती म्हणजे तारखा लिहून ठेवल्या आहेत. त्या तारखा नीट वाचल्या, तर आपला प्रश्न औषधाचा कमी आणि उष्णता, पोषण व जन्मानंतरचे पहिले तीन दिवस यांचा अधिक आहे, असे माझे मत झाले आहे. मला प्रत्यक्ष शेड दिसत नाही, म्हणून जिथे परिस्थितीनुसार उत्तर बदलेल तिथे तसे सांगेन.

आधी उलटलेल्या, म्हणजे भरवूनही गाभण न राहिलेल्या, पाच माद्या घेऊ. आपल्या नोंदीप्रमाणे त्यांपैकी दोन २१ व्या आणि २२ व्या दिवशी पुन्हा माजावर (नर घेण्याच्या तयारीत) आल्या, दोन २९ व्या आणि ३३ व्या दिवशी आल्या आणि पाचवी अजून माजावर आलेलीच नाही. आपण या पाचही माद्यांना 'उलटल्या' असे एकच नाव दिले आहे, पण माझ्या दृष्टीने ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत.

वराहाच्या मादीचे ऋतुचक्र २१ दिवसांचे असते आणि ते १८ ते २४ दिवसांपर्यंत मागेपुढे होते. भरवल्यानंतर नेमकी याच काळात मादी पुन्हा माजावर आली, तर गर्भधारणा झालीच नाही किंवा अगदी सुरुवातीला, पहिल्या बारा दिवसांच्या आसपास, सर्व भ्रूण गेले असे समजावे. गर्भाशयात पुरेसे भ्रूण जिवंत असल्याचा संकेत मादीच्या शरीराला साधारण बाराव्या दिवशी मिळावा लागतो. भ्रूण चारापेक्षा कमी असले तर बहुधा तो संकेत पुरेसा ठरत नाही आणि चक्र ठरल्या वेळी पुन्हा सुरू होते. याउलट २५ दिवसांनंतर, म्हणजे २९ किंवा ३३ व्या दिवशी माज आला, तर मादी गाभण राहिली होती आणि नंतर गर्भ गेला असा त्याचा अर्थ निघतो. पहिल्या दोन माद्यांच्या बाबतीत मी नराकडे आणि भरवण्याच्या वेळेकडे बोट दाखवेन, पुढच्या दोघींच्या बाबतीत भरवल्यानंतरच्या महिन्यात त्यांचे काय झाले हे विचारेन.

नराचे पाहू. बारा माद्यांना एक प्रौढ नर हे प्रमाण चुकीचे नाही, त्यामुळे केवळ संख्या वाढवायला दुसरा नर घेण्याची घाई नको. अडचण बहुधा उन्हाची आहे. वराहाला घाम जवळजवळ येतच नाही आणि नराच्या अंडकोशात शुक्राणू तयार होऊन बाहेर पडण्याजोगे व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात. एप्रिलमधल्या उष्णतेने बिघडलेले रेत (वीर्य) मे महिन्यात समोर येते. त्या काळात नर चढतो, उत्साही असतो, पण मादी राहत नाही, आणि आपण दोष मादीला देतो. जूनमध्ये पाऊस पडून हवा थंड झाली तरी नर लगेच पूर्ववत होत नाही, जुलैचा मोठा भाग त्यातच जातो. आपल्या फेब्रुवारी-मार्चमधल्या सातही माद्या राहिल्या आणि मे महिन्यातल्या पाचही उलटल्या, हा फरक मला दुसऱ्या कोणत्याही कारणाने इतका सरळ समजावून घेता येत नाही. तरीही खात्री करून घ्यावी. जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा चिकित्सालयात ताजे रेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावे आणि नराचे अंडकोश सुजलेले वा लहानमोठे नाहीत ना, हेही तपासून घ्यावे. डासांमार्फत पसरणाऱ्या जपानी मेंदूज्वरात आणि ब्रुसेलोसिसमध्येही नराचे अंडकोश सुजतात आणि माद्या उलटतात.

नर आपल्याच कळपात जन्मलेला आहे, असे आपण ओघात लिहिले आहे. हे वाक्य आपल्याला किरकोळ वाटले असेल, मला वाटले नाही. तो ज्या मादीचा आहे ती आणि त्याच्या बहिणी अजून कळपात असतील, तर जवळच्या नात्यातील संकरामुळे पिल्लांची संख्या घटते आणि ती अशक्त निपजतात. निदान त्यांच्यासाठी नर बदलावाच लागेल, पण बाहेरून आणलेला प्राणी आधी महिनाभर वेगळा ठेवून मगच कळपात घ्यावा. नर विकत घेणे परवडत नसेल तर कृत्रिम रेतनाचा पर्याय आहे. आमच्या बाजूला जुने गोवे येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेने हे तंत्र वराहपालकांपर्यंत आणले आहे. त्यात एक चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे. गाईम्हशींचे रेत द्रव नत्रात गोठवून ठेवतात, म्हणून वराहाचे रेतही जितके थंड तितके चांगले, असे समजून लोक ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवतात. वराहाचे द्रवरूप रेत १६ ते १८ अंश सेल्सिअसला ठेवायचे असते आणि साधारण तीन दिवसांत वापरायचे असते. फ्रिजच्या चार-पाच अंशांत शुक्राणू मरतात आणि मग कृत्रिम रेतनच कुचकामी, असा बोभाटा होतो.

भरवण्याच्या वेळेबद्दल आपण 'माजावर दिसली की त्याच दिवशी एकदा भरवतो' असे लिहिले आहे. मादीचा माज दोन ते तीन दिवस टिकतो आणि बीजे सुटतात ती माजाचा सुमारे दोन तृतीयांश भाग उलटून गेल्यावर. योनी लाल होऊन सुजणे ही माजाची चाहूल आहे, पूर्ण माज नव्हे. नर समोर असताना मादीच्या कमरेवर दोन्ही हातांनी दाब द्यावा. ती कान ताठ करून खांबासारखी स्तब्ध उभी राहिली तरच ती भरवण्याजोगी आहे. अशी सकाळी उभी राहिली तर त्याच संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा भरवावी. पहिलटकरणीचा माज लहान असतो, म्हणून तिला उभी राहिल्याबरोबर आणि नंतर बारा तासांनी भरवावे. एकदाच भरवायचे असेल तर तो अंदाजाचा खेळ होतो, आणि उन्हाळ्यात, जेव्हा रेतही कमी कसाचे असते, तेव्हा हा खेळ हमखास हरतो.

२९ आणि ३३ व्या दिवशी उलटलेल्या माद्यांकडे वळू. भ्रूण गर्भाशयाला चिकटण्याची प्रक्रिया साधारण दुसऱ्या आठवड्यापासून चौथ्या आठवड्यापर्यंत चालते. या काळात मादीला तापलेल्या पत्र्याखाली ठेवणे, एका खणातून दुसऱ्या खणात हलवणे, अनोळखी माद्यांमध्ये सोडणे आणि त्यांच्या मारामाऱ्या होऊ देणे, यांनी गर्भ जातात. आपण मे महिन्यात भरवलेल्या माद्या 'जागा करण्यासाठी एकत्र केल्या' असे लिहिले आहे. हलवायचेच असेल तर भरवल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत हलवावे किंवा मग महिना पूर्ण होईपर्यंत हात लावू नये.

उन्हाळ्यात थंडावा कसा द्यावा, याचे उत्तर माझ्याकडे आणि आपल्याकडे एक नाही. आमच्या कोकणात मे महिन्यात हवा इतकी दमट असते की फवाऱ्याने धुके सोडले तर हवा आणखी चिकट होते आणि प्राणी धापा टाकतो. आम्हाला मानेवर थेंब थेंब पाणी पाडणे आणि पंख्याने हवा खेळती ठेवणे हेच उपयोगी पडते. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे तिथे फवारे चांगले काम करतील. दिवसातून चार-पाच वेळा काही मिनिटे अंग भिजवावे आणि मग ते वाऱ्यावर वाळू द्यावे, कारण गारवा पाणी उडून जाताना मिळतो. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर टाकला तरी फरक पडतो आणि पाचट आपल्याकडे फुकट आहे. पहिला हक्क नराचा, दुसरा नुकत्याच भरवलेल्या माद्यांचा.

पाचवी मादी, जी माजावरही आली नाही आणि गाभणही नाही, तिच्याबाबत मला मक्याचा संशय आहे. आपला भरडा कोणत्या मक्याचा आहे आणि तो कसा साठवला होता, हे कृपया पाहावे. ओलसर मक्यावर वाढणाऱ्या एका जातीच्या बुरशीत मादीच्या संप्रेरकासारखे वागणारे विष तयार होते. त्याने लहान माद्यांची योनी माज नसताना सुजते, मोठ्या माद्या गाभण नसताना गाभण असल्यासारख्या माजाविना राहतात आणि व्यालेल्या माद्यांच्या पिल्लींचे बाह्य जननांग जन्मतःच सुजलेले दिसते. व्यापाऱ्याकडचा स्वस्त, काळपट किंवा गुलाबी झाक असलेला मका माझ्याकडेही एका पावसाळ्यात आला होता. कुबट वास आला तरी 'डुकरांना काय कळते' म्हणून मी तो घातला आणि पुढचे तीन महिने हिशेब जुळेना. असा मका गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना अजिबात घालू नये.

आता पिल्लांकडे येतो. ६३ पैकी ५ मेलेलीच जन्मली, म्हणजे जिवंत ५८. त्यांतील २० दगावली : १४ पहिल्या तीन दिवसांत आणि ६ नंतर हगवणीने. जन्मतः मेलेल्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे आणि ते सर्वसाधारण मर्यादेत बसते. तिथे आज शक्ती खर्च करू नये. एका वितात (एका बाळंतपणात) सरासरी आठांहून थोडी अधिक जिवंत पिल्ले हाही नाव ठेवण्यासारखा आकडा नाही. खरे नुकसान त्या १४ पिल्लांत आहे. चांगल्या सांभाळलेल्या शेडमध्ये ५८ मागे सहा-सात जातात, शून्यावर कुणीच येत नाही.

'काही मादीखाली चिरडली, काही आपोआप मेली' असे आपण लिहिले आहे. यापुढे पिल्लू मेले की ते पुरण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. एक, खूर. नवजात पिल्लाच्या खुरांच्या टोकांना मऊ, पिवळसर आवरण असते. ते तसेच शाबूत असेल तर पिल्लू कधी चाललेच नाही, झिजलेले असेल तर ते जन्मल्यावर उभे राहिले होते. दोन, फुप्फुस. त्याचा तुकडा पाण्यात टाकला असता बुडाला तर पिल्लाने श्वास घेतलेला नाही, तरंगला तर घेतला आहे. तीन, आणि सर्वांत महत्त्वाचे, पोट. त्यात दही झालेले दूध आहे की ते रिकामे आहे? चिरडलेल्या पिल्लांची पोटे उघडून पाहण्याची सवय लागली, तेव्हा मला कळले की त्यांतली बरीचशी उपाशी होती. धट्टेकट्टे, पोटभर प्यालेले पिल्लू मादी बसू लागताच चटकन बाजूला होते. जे आधीच गारठलेले आणि उपाशी आहे तेच उबेसाठी तिच्या कुशीला चिकटून राहते आणि सापडते. 'चिरडले' हा शेवटचा टप्पा असतो, खरे कारण मात्र त्याच्या कित्येक तास आधीचे असते. (मोठे वराहही तापाने आणि अंगावर लालनिळे डाग पडून मरत असतील, तर मात्र काहीही उघडू नये. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० पासून भारतात आहे आणि रक्त सांडले की तो शेडभर होतो. तेव्हा लगेच पशुवैद्यकाला बोलवावे. आणि एरवीही हे काम हातमोजे घालूनच करावे.)

पिल्लू गारठते का, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे उपाय पटणार नाहीत. मादीला १८ ते २२ अंशांची हवा सुखाची वाटते, पहिल्या दिवसाच्या पिल्लाला ३२ ते ३४ अंश लागतात. एकाच खणात दोन ऋतू हवेत, असा हा पेच आहे. पिल्लाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, केस विरळ, अंग ओले, आणि जन्मतःच्या साठ्यावर ते जेमतेम एक दिवस काढू शकते. साताऱ्यातली जुलैची रात्र, २०-२१ अंश, भिंतीतून झिरपणारी ओल आणि सिमेंटची फरशी, ही आपल्याला आल्हाददायक, मादीला उत्तम आणि पिल्लाला जीवघेणी. म्हणून सगळी खोली तापवणे हा उपाय नव्हे. तसे केले तर मादी खाणे सोडते आणि दूध आटते. तापवायचा तो फक्त कोपरा. मादीला शिरता येणार नाही अशी लाकडी किंवा बांबूची आडवण घालून पिल्लांचा कोपरा करावा, त्यात कोरडा पेंढा किंवा लाकडाचा भुसा जाड पसरावा आणि वर १०० वॅटचा पिवळा बल्ब किंवा तांबडा दिवा दीड-दोन फुटांवर टांगावा. वीज जाते तिथे झाकण असलेले जुने खोके आणि त्यात गोणपाट-पेंढा एवढ्यानेही रात्र निभावते, कारण पिल्ले एकमेकांच्या उबेवर तगतात. दिव्याखाली ती ढिगाने एकावर एक पडली असतील तर ऊब कमी आहे, दिव्यापासून लांब पसरली असतील तर जास्त आहे, कुशीला कूस लावून आडवी पडली असतील तर बरोबर आहे. थर्मामीटरपेक्षा मी यावर अधिक विश्वास ठेवतो.

माझ्या दुसऱ्या वर्षी ११ पिल्लांपैकी ७ एका रात्रीत गेली आणि त्या रात्री दिवा लावलेला होता. मी तो भिंतीला टांगला होता आणि मादी नेमकी त्याच भिंतीला टेकून निजली. ऊब आणि आई एकाच जागी आल्यावर पिल्ले तिथून हलणार कशाला? तेव्हापासून विणे चालू असेपर्यंत एक दिवा मादीच्या मागच्या बाजूला ठेवतो आणि शेवटचे पिल्लू झाले की तो कोपऱ्यात हलवतो. जोडीला भिंतीपासून आणि जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटरवर खणाच्या तीन बाजूंनी लोखंडी पाइप बसवून घ्यावा. मादी भिंतीला घसरत बसते तेव्हा पिल्लाला त्या पाइपाखाली जागा मिळते.

उबेइतकाच चीक महत्त्वाचा. वराहाच्या वारेची रचना अशी आहे की आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भात पोहोचत नाहीत. पिल्लू पूर्ण निःशस्त्र जन्मते आणि सारे संरक्षण त्याला चिकातून मिळते. आतड्यातून ती द्रव्ये शोषली जाण्याची वाट २४ ते ३६ तासांत बंद होते आणि मादीचा चीकही पहिल्या दिवसापुरताच तसा कसदार असतो. प्रत्येक पिल्लाच्या पोटात निदान २०० ते २५० ग्रॅम चीक गेला पाहिजे. पिल्ले आठ असोत की बारा, मादीचा एकूण चीक फारसा वाढत नाही, त्यामुळे मोठ्या वितात लहान पिल्लांच्या वाट्याला काही उरत नाही. इथे मी इंजेक्शनापेक्षा एका टोपलीवर भिस्त ठेवतो. विणे संपले आणि सगळ्यांनी एकदा तोंड लावले की पोट भरलेली, थोराड पिल्ले टोपलीत घालून तास-दीड तास दिव्याखाली ठेवावीत आणि तेवढ्यात बारक्यांना सडाला लावावे. पहिल्या दिवशी हे दोन-तीनदा करावे. पुढचे सड अधिक दुधाळ असतात, बारक्यांना तिथेच धरावे. एकदा दोन-तीन दिवसांत कोणाचा सड कोणता हे ठरले की ती वाटणी सहसा बदलत नाही. जन्माच्या वेळी ८०० ग्रॅमच्या आतले पिल्लू मात्र फार कष्टाने वाचते. अशा एखाद्यासाठी रात्रभर जागून बाकीच्यांकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये, हे कठोर वाटले तरी मी तसेच करतो.

हे सगळे करायला माणूस तिथे हवा, आणि माणूस तिथे हवा तर तारीख ठाऊक हवी. गाभणकाळ ११४ दिवसांचा, म्हणजे ३ महिने, ३ आठवडे आणि ३ दिवस, एखाद-दोन दिवस अलीकडे-पलीकडे. ११० व्या दिवशी मादी धुऊन, जंतांचे औषध आधीच झालेले असताना, कोरड्या खणात आणावी. सड दाबल्यावर दुधाचा थेंब सहज येऊ लागला की बहुधा २४ तासांच्या आत ती विते. दोन पिल्लांमध्ये साधारण १५-२० मिनिटे जातात. कळा देऊनही पाऊण तास काही आले नाही तर पशुवैद्यकाला फोन करावा. आपण 'उशीर लागला की ऑक्सिटोसिन देतो' असे लिहिले आहे, ते कृपया थांबवावे. पहिले पिल्लू बाहेर येण्यापूर्वी किंवा आत एखादे आडवे अडकलेले असताना ते दिले, तर गर्भाशय आवळते, नाळ दाबली जाते आणि जी जिवंत जन्मली असती ती मेलेली जन्मतात. मादीला उठवून दोन पावले चालवणे आणि जन्मलेल्या पिल्लांना सडाला लावणे यानेही कळा वाढतात, आणि तो उपाय निर्धोक आहे.

हगवणीने गेलेल्या सहांबद्दल थोडेच लिहितो, कारण चीक आणि कोरडी जमीन साधली तर त्यातली निम्मीशिम्मी आपोआप कमी होतील. लोहाचे इंजेक्शन मात्र तिसऱ्या दिवशी अवश्य द्यावे, आणि आपल्या प्रश्नातल्या 'कोणते इंजेक्शन' याचे एवढेच ठाम उत्तर माझ्याकडे आहे. पिल्लू सुमारे ५० मिलिग्रॅम लोह घेऊन जन्मते, त्याला रोज ७ ते १० मिलिग्रॅम लागते आणि आईच्या दुधातून जेमतेम एक मिळते. माती उकरणाऱ्या वराहाला ते मातीतून मिळत असे, सिमेंटवर मिळत नाही. सहसा २०० मिलिग्रॅम मानेच्या स्नायूत देतात, मात्रा बाटलीवर पाहून आणि पशुवैद्यकाला विचारून ठरवावी.

इथपर्यंत पाहिले ते असे : मे महिन्यातल्या माद्या उष्णतेने, एकदाच भरवल्याने आणि नंतरच्या हलवाहलवीने उलटल्या असाव्यात, पिल्ले गारठा आणि उपासमारीने गेली असावीत. पण दोन्हींच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मादीचे ताट.

गाभण मादीला दिवसाला सव्वादोन-अडीच किलो समतोल खाद्य पुरते, शेवटच्या महिन्यात थोडे वाढवावे लागते. व्याल्यावर मात्र हिशेब पालटतो. तिच्या स्वतःसाठी दोन किलो आणि दर पिल्लामागे चारशे ग्रॅम धरले, तर आठ पिल्लांच्या आईला पाच किलोंहून अधिक कोरडे खाद्य हवे. ढाब्यावरचे अन्न ओले असते, त्यात तीन चतुर्थांश तरी पाणीच. पाच किलो कोरड्या खाद्याइतका कस त्यातून मिळवायचा तर तिला रोज जवळजवळ २० किलो खरकटे संपवावे लागेल, आणि तेवढे तिच्या पोटात मावत नाही. शिवाय त्यात भात, पोळी, तेल आणि मीठ भरपूर, प्रथिने थोडी. मादी मग स्वतःच्या अंगावरचे मांस दुधात घालते. दूध तोडेपर्यंत तिच्या पाठीची हाडे वर येतात, माज लांबतो, आला तरी बीजे कमी सुटतात आणि पुढच्या वितात पिल्ले कमी व हलकी होतात. आपण साठ दिवसांपर्यंत पिल्ले आईखाली ठेवता, त्याने ही झीज आणखी वाढते. खरकटे गाभण माद्यांना आणि वाढत्या जनावरांना द्यावे, तेही प्रत्येक वेळी अर्धा तास खळखळ उकळून. दूध पाजणाऱ्या मादीला मात्र सोयाबीन पेंड, मका, गव्हाचा कोंडा आणि खनिज मिश्रण यांचे कोरडे खाद्यच द्यावे. खर्च वाढेल, हे मान्य. पण तो ४०-४५ दिवसांपुरता आणि मोजक्या माद्यांपुरता आहे. पाणीही पाहावे. या काळात मादी दिवसाला २० ते ३५ लिटर पाणी पिते आणि पाणी पिण्याच्या निपलातून ते बारीक धारेने येत असेल तर ती कंटाळून कमी पिते, कमी पिते म्हणून कमी खाते. बादली लावून मोजावे, मिनिटाला दोन लिटर आले पाहिजे.

रोगांचा विचार मी शेवटी ठेवला आहे, तो क्षुल्लक म्हणून नव्हे. उशिरा गर्भपात होऊ लागले, वाळून काळी पडलेली लहानमोठी पिल्ले एकाच वितात दिसली, किंवा थंडीच्या दिवसांतही माद्या उलटत राहिल्या, तर पार्व्होव्हायरस, लेप्टोस्पायरा, ब्रुसेला यांसाठी रक्ततपासणी करून घ्यावीच. लेप्टोस्पायरा उंदरांच्या मुतातून पसरतो आणि तो माणसालाही होतो. आमच्या सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोची धास्ती घरोघरी असते. विण्याच्या वेळी उघड्या, भेगाळलेल्या हातांनी वार उचलणे म्हणूनच टाळावे. क्लासिकल स्वाइन फीवरची लस माद्यांना भरवण्यापूर्वी दिलेली असावी.

आता आपल्या पंचांगाचे. ज्या सात माद्या व्यायल्या त्यांचे दूध या आठवड्यात एकाच दिवशी तोडले, तर अंगात ताकद असलेल्या बहुतेक माद्या ४ ते ७ दिवसांत एकदम माजावर येतील. पण त्यांची हाडे दिसत आहेत असे आपण लिहिले आहे, अशा स्थितीत मी त्यांना या माजावर भरवणार नाही. पोटभर खाद्य देऊन दोन माज सोडेन. मधल्या काळात नराची तपासणी होईल. रेत चांगले निघाले तरी त्याच्या बहिणींवर आणि आईवर तो चढवू नये, त्यांच्यासाठी दुसरा नर किंवा कृत्रिम रेतन पाहावे. पाच रिकाम्या माद्यांपैकी चौघींचा माज नोंदवून ठेवावा आणि शक्य तितक्या माद्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकाच आठवड्यात भरवाव्यात. एकत्र भरवण्याचा फायदा असा की त्या एकत्र वितात. मग एकीला बारा आणि दुसरीला सहा पिल्ले झाली तर पहिल्या दिवसाचा चीक आपापल्या आईचा पाजून दुसऱ्या दिवशी जादाची पिल्ले दुसरीखाली लावता येतात. एरवी ही सोय नसते. २० ऑक्टोबरला भरवलेली मादी ११ फेब्रुवारीच्या आसपास विते, ४२ दिवसांनी, २५ मार्चला, तिचे दूध तोडले तर मार्चअखेर ती पुन्हा भरवता येते आणि जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विते. यात मे महिन्यात कोणतीही मादी भरवावी लागत नाही आणि कुणी भर उन्हाळ्यात पिल्ले पाजतही नाही. एके वर्षी मी गोव्यातल्या नाताळच्या भावाच्या मोहाने एप्रिलअखेर विणी धरली होती. पिल्ले नाताळापर्यंत विक्रीजोगी झाली, पण माद्या मे महिन्यात खाईनात आणि त्यांच्यातल्या निम्म्या सप्टेंबरपर्यंत माजावर आल्या नाहीत. भाव मिळाला तो त्यात गेला.

पाचव्या मादीला नवा, कोरडा मका सुरू केल्यापासून तीन-चार आठवडे वाट पाहावी, रोज सकाळी दहा मिनिटे नर तिच्या कुंपणापाशी फिरवावा. तरीही माज दिसला नाही तर पशुवैद्यकाकडून तपासणी करून मगच तिला ठेवायचे की काढायचे ते ठरवावे. नराच्या रेताचा अहवाल आणि दोन-चार माद्यांचे पाठीमागून काढलेले फोटो पाठवलेत, तर खाद्याचे प्रमाण मी अधिक नेमके सांगू शकेन.